रिव्हर्स कसा पडतो

गाडीत ते कधीही ड्रायव्हरच्या जागेवर बसत नसत. गिऱ्हाईक कोणीही असो, ते डावीकडचं दार उघडून आत शिरायचे, गुडघे जवळ घ्यायचे, गिअरच्या दांड्याला मुठीखाली दोन बोटं लावायचे आणि म्हणायचे, "चालवा." गाडी चालू असेपर्यंत मग एक अक्षर बोलायचे नाहीत, आणि आपण बोललेलंही त्यांना खपत नसे. एकदा मी सवयीनं काहीतरी बडबडले, तर त्यांनी शांतपणे खिडकीची काच वर केली. जणू आवाज बाहेरून येत होता.

काशीदच्या अलीकडे रस्ता समुद्र सोडून खाडीकडे वळतो, तिथे त्यांचं छप्पर होतं. पत्र्याचं, तीन बाजूंनी उघडं, चौथ्या बाजूला त्यांच्याच घराची भिंत. पाटी नव्हती. इंजिन, ब्रेक, बॅटरी, पंक्चर यांतलं काहीही ते करत नसत. फक्त गिअर, आणि तोही लहान गाड्यांचा. पुण्यामुंबईच्या मोठ्या गाडीवाल्यांनी कितीही गळ घातली तरी "मोठी हाय, नको" एवढं बोलून पाठ फिरवायचे. पोटापाण्याचा धंदा असा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला तो निव्वळ चक्रमपणा वाटला होता.

"रिव्हर्स कसा पडतो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरचा कळवळून सांगत असायचा की तिसरा अडतो, पहिला कुरकुरतो, तरी यांचं आपलं एकच, रिव्हर्स कसा पडतो. दुसरा प्रश्न त्याहून विचित्र. "अडला तवा तिथी कुठली व्हती?" वार नाही, तारीख नाही, तिथी. गावातली माणसं पाठीमागे त्यांना रिव्हर्सवाले काका म्हणत आणि तोंडावर नुसतं काका. मीही काकाच म्हणायचे.

उत्तर मिळालं की ते दांड्याच्या मुळाशी बोट फिरवून जिभेला लावायचे. तिथे ग्रीस असो, धूळ असो, मेलेली मुंगी असो. मग डोळे मिटून थोडा वेळ बसायचे आणि निकाल द्यायचे. "गोडी हाय" म्हणजे गाडी चांगली. "खारी हाय" म्हणजे ती कधीतरी समुद्रात जाऊन आलेली.

आमच्या बाजूला हे काही नवल नव्हे. ओहोटीला किनाऱ्याची ओली वाळू फरशीसारखी कडक असते. हौशी पाहुणे फोटोसाठी गाडी थेट पाण्याजवळ नेतात, भरती लागते, चाकं रुततात आणि मग सगळ्या गावाची पळापळ होते. ओढून काढलेल्या गाड्या धुऊन, वाळवून, आतून नटवून बाजारात जातात आणि पुन्हा कुणाच्या तरी दारात उभ्या राहतात. पेणचा एक माणूस अशीच एक घेऊन आला होता. काकांनी बोट चाटलं, म्हणाले खारी हाय. तो खवळला. घरच्या घरी वापरलेली डॉक्टरांची गाडी आहे म्हणून हुज्जत घालू लागला. काकांनी मागची सीट उचलली. खाली मूठभर वाळू होती आणि वाळूत दोन चिमुकल्या शिंपल्या. तो माणूस गिअर दुरुस्त न करताच निघून गेला.

कुणाची गाडी वाळूत रुतली की काका हजर असत. ते मदत मात्र करत नसत. दोर ओढणाऱ्यांत नाहीत, ढकलणाऱ्यांत नाहीत. लुंगी खोचून घोटाभर पाण्यात उभे राहायचे आणि गाडीतल्या माणसाच्या डाव्या हाताकडे टक लावून बघत राहायचे. गाडी निघाली की घरी. नाही निघाली तरी घरी, पण त्या दिवशी छप्पर बंद.

आणि तो बांध. छपरामागे खाडीचा मातीचा बांध होता आणि त्याच्या उतारावर काकांनी भंगारातल्या गाड्यांचे गिअरचे दांडे रोवून ठेवले होते. काळ्या मुठींचे, लाल मुठींचे, काही नुसत्या लोखंडाचे. पाणी किती चढलं ते त्यावरून कळतं, असं ते म्हणायचे. असेलही. पण मी चित्र काढणारी बाई, मला तिथे मापाच्या काठ्या दिसत नसत. भरती चढू लागली की एकेक मूठ पाण्याखाली जायची, आणि काका ज्या नजरेनं ते बघत उभे असायचे ती नजर मला सहन व्हायची नाही. मी एकदा त्या जागेचं चित्र काढायला बसले होते. अर्ध्यावर कागद गुंडाळला आणि उठले.

माझी गाडी पांढरी, लहान आणि सेकंडहँड. मी दोन हायस्कुलांत अर्धी अर्धी वाटली गेलेली चित्रकलेची शिक्षिका, सकाळी रेवदंड्याकडे आणि दुपारी मुरुडच्या बाजूला. एसटीच्या भरवशावर ते जमेना, म्हणून पनवेलच्या एका दलालाकडून ही घेतली. नवी सीटकव्हरं, चकचकीत रंग, आणि आत कापराचा इतका वास की आधीचा मालक फार देवभोळा असावा असं मला वाटलं. कापूर कशाचा वास मारायला ठेवतात एवढी अक्कल तेव्हा चालली नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग गिअर जड होऊ लागले. रेवदंड्यापर्यंत ठीक असायचं. डोंगराला वळसा घालून समुद्र दिसू लागला की दांडा असा घट्ट व्हायचा, जसा कुणी खालून धरून ठेवलाय. दुसरा टाकायला दोन्ही हात लावावे लागत. अलिबागच्या एका मेकॅनिकनं तेल बदललं, क्लच सैल केला, पुन्हा ताणला, आणि शेवटी मलाच सल्ला दिला, "मॅडम, जरा जोर लावत जा." मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

जोर लावल्याशिवाय पुढचे गिअर पडत नव्हते हे एक. दुसरी गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. रिव्हर्स मात्र लोण्यासारखा पडायचा. पडायचा काय, पाडावाच लागत नसे. एकदा काशीदच्या सुरूच्या बनापाशी मी म्हशी जाऊ देण्यासाठी थांबले होते. म्हशी गेल्या, मी क्लच दाबून पहिला टाकायला हात उचलला, आणि हात लागायच्या आत दांडा आपसूक सरकला आणि रिव्हर्समध्ये जाऊन बसला. मागे एसटी उभी होती, हॉर्न मारत. मी इंजिन बंद करून तशीच बसून राहिले. कंडक्टर खाली उतरून आला आणि माझा चेहरा बघून त्यानं आधी पाण्याची बाटली पुढे केली.

शाळेत आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांना मी हे सांगितलं. मामा झाडू टेकवून उभे राहिले.

"गिअर म्हंजे काकाच बाई. पन जायच्या आदी एक ऐकून जा. ते गिऱ्हाइकाची गाडी बघत न्हाईत, सोताची शोधतात."

मग मामांनी जे सांगितलं ते असं. काकांना एकच मुलगा. काकांनी त्याला टुरिस्टसाठी लहान पांढरी गाडी घेऊन दिली होती. एका मुलीवर त्याचं मन बसलं होतं, आणि काकींना, म्हणजे त्याच्या आईला, ती पसंत नव्हती. भाद्रपदात, गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकांत मोठं वाजलं. काकी रागाच्या भरात नको ते बोलल्या. मुलगा वाढलेल्या ताटावरून उठला, गाडी काढली आणि किनाऱ्यावर गेला. चिडलं की पोरं तिथे गाडी पाण्याकडे तोंड करून लावतात आणि बसतात, त्यात विशेष काही नाही. पण ती पौर्णिमा होती, उधाणाची भरती. सरबताच्या टपरीवरच्या बाईनं पाहिलं की पाणी चाकांना लागलं तरी गाडी हलत नाही. तिनं हाका मारल्या. मुलगा आत मान खाली घालून बसला होता. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. मग मोठी लाट आली आणि गाडी आडवी झाली.

"मान खाली घालून बसला व्हता," मामा म्हणाले, "म्हनून सगला गाव बोलला का त्यानं सोताच केला. काकी तवापासून बोलत न्हाई. कुनाशीच. कारन शेवटचा बोलना तिचाच व्हता ना."

"आणि काका गाडी कशाला शोधतात?"

"ती इन्शुरन्सवाल्यांनी नेली, टुरिस्टचा नंबर बदलून विकली, पुढं कुटं गेली म्हाईत न्हाई. काका बोलतात, गिअर बघायचाय. त्याला परत यायचा व्हता का नव्हता, ते गिअरात कलंल."

मी मामांना म्हटलं, असं काही कळत नसतं. पण त्या दिवशी घरी जाताना मी समुद्राकडे एकदाही पाहिलं नाही आणि सबंध रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये चालवला.

काकांकडे गेले तेव्हा त्यांनी नेहमीचे प्रश्न टाकले. तिथी विचारल्यावर मी म्हटलं, "काका, मी शाळेतली बाई आहे, भटजी नाही." ते हसले नाहीत. भिंतीवरची दिनदर्शिका काढून माझ्या हातात दिली. मी चरफडत आठवलं. म्हशींचा दिवस, शाळेत पालकसभेचा दिवस, दोन्ही हातांनी दांडा ओढला तो दिवस. बोट ठेवत गेले आणि माझाच आवाज बारीक होत गेला. सगळे दिवस अमावास्येच्या नाहीतर पौर्णिमेच्या आगेमागे होते.

"आनि रिव्हर्स?"

मी सांगितलं.

त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. डावीकडून आत बसले. आधी मला इंजिन बंद ठेवून गिअर टाकायला लावले, मग चालू करून. "दोन्ही वेळेला जड. म्हंजे क्लचचा दोष न्हाय." बॉनेट उघडून केबलचं टोक गिअरबॉक्सपासून सोडवलं आणि तिथला लोखंडी हात एका बोटानं मागेपुढे करून दाखवला. तो अलगद हलत होता. "डब्बा चांगला हाय. केबल गंजलीय आतून." इतकं साधं, सरळ, की मला एकदम बरं वाटलं. गंज. गंजाला घाबरायचं काय?

मग ते पुन्हा आत आले, दांड्याच्या मुळाशी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. दांड्याखाली रबराचं झाकण असतं, ते उचललं की केबलची दुसरी टोकं दिसतात. त्यांनी त्या झाकणाच्या कडेत नख घातलं, थांबले, आणि हात मागे घेतला.

"खारी हाय," ते म्हणाले. "अवसेला घेऊन या. दुपारी."

"अहो, आता उघडलंच आहे तर बघून टाका ना. मला रोज दोन शाळा आहेत."

"अवसेला भरती बाराला भरते. तवा काय तो दोष पुरा दिसंल." आणि मग माझ्याकडे न बघता, "माझ्यानं आज व्हनार न्हाय, बाई."

मी रागावले होते, नाही असं नाही. पण तेवढ्यात घरातून काकी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. उंच, काटक बाई. छपराच्या पागोळीपाशी थांबून त्यांनी तांब्या जमिनीवर ठेवला आणि वळल्या. छपराखाली पाऊल टाकलं नाही. गाडीकडे नजरही नाही. घराच्या समुद्राकडच्या खिडक्यांना आतून फळ्या ठोकलेल्या होत्या, ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात. राग तिथल्या तिथे जिरला आणि मी पाणी पिऊन निघाले.

अमावास्येपर्यंतचे दिवस मी गाडी घराखाली उभी ठेवली आणि एसटीनं गेले. सोसायटीतल्या एकीनं मला सांगितलं की तुमची गाडी रात्रीतून हातभर मागे सरकलेली असते, हँडब्रेक नीट लावत जा. हँडब्रेक मी नीटच लावत होते. ती गाडी विकून टाकावी असं माझ्या मनात आलं, आणि का कोण जाणे, त्या विचाराचीच मला जास्त भीती वाटली.

अमावास्येच्या दुपारी मी पोचले तेव्हा खाडी बांधाच्या गळ्याशी आली होती. वारा नव्हता. पाणी आवाज न करता चढत होतं आणि रोवलेल्या दांड्यांपैकी अगदी वरच्या दोनचार मुठी तेवढ्या दिसत होत्या. काकांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. गिअरच्या कामाला धुतलेला सदरा मी त्यांच्या अंगात कधी पाहिला नव्हता. घराचं मागचं दार लोटलेलं होतं.

ते डावीकडच्या सीटवर बसले. मी माझ्या जागेवर. इंजिन बंद. दांडा आज इतका घट्ट होता की दोन्ही हातांनी हलत नव्हता. काका त्याला शिवले नाहीत. समोरच्या काचेतून पाण्याकडे बघत बोलायला लागले, आणि मी त्यांना इतकं बोलताना तेवढं एकदाच ऐकलं.

"विसर्जनाच्या दिवशी पोरगा आला, बोलला, बाबा, रिव्हर्स लागत न्हाय. मी उघडून बघितला. केबलच्या टोकाचा डोला पिनावर बसतो तिथं प्लॅस्टिकचा बुश असतो, बारकी कडी, तो फुटला व्हता. अलिबागची दुकानं बंद, सगली गनपतीत. मंग मी जाल्याचा दोरा घेतला आनि केबल पिनाला बांधली. आमी कोली मानसं, आमाला गाठीचा भरवसा. बोललो, दोन दिवस चालंल. घाईत बांधली. नाचायला जायचा व्हता मला."

त्यांनी पहिल्यांदाच दांड्याकडे पाहिलं.

"आता आयका. ती गाठ जर शाबूत असंल, तर रिव्हर्स लागत व्हता आनि पोरानं टाकला न्हाय. मंग ती समजते तसाच झाला, तिच्या बोलन्यानं गेला. आनि गाठ सुटली असंल, तर तो माझ्यामुलं गेला." त्यांनी मान घराच्या दाराकडे वळवली. "मला सुटलेली पायजे, बाई. इतकी वरसं तीच शोधतोय. माजा दोष निघाला का मी तो घेऊन तिच्यापुढं जानार. ती सुटंल."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांनी रबराचं झाकण चारी बाजूंनी मोकळं केलं आणि दांड्यावरून वर ओढलं. मी मोबाईलचा उजेड धरला.

आत हिरवा दोरा होता. जाळ्याचा, नायलॉनचा, रंग उडालेला. आणि त्याला गाठ होती, घट्ट, सुपारीएवढी, जागच्या जागी.

काका कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं संपलं. गाठ शाबूत आहे, म्हणजे जे त्यांना नको होतं तेच निघालं. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून मी उजेड थोडा बाजूला घेतला. त्यांनी माझं मनगट धरून तो परत तिथे आणला.

"ही माजी न्हाय," ते म्हणाले.

"काका, दोरा तर तोच ना?"

"दोरा माजा. गाठ माजी न्हाय." त्यांचं बोट हवेत फिरलं. "माजी उजवीकडं फिरते. ही डावीकडं फिरलीय. पोरगा डावरा व्हता. लानपनी जाला विनायला बसला का मी त्याला वरडायचो, उलटी गाठ मारतो म्हनून."

त्यांनी खिशातून जाळं विणायची सुई काढली आणि गाठीचा एक पदर अगदी हलकेच, सोडवायचा नाही अशा बेतानं, उचलून धरला. खाली हाताचा तळवा धरला. पदराच्या आतून, जिथे बाहेरचं काही जाऊ शकत नाही अशा गाठीच्या पोटातून, वाळू पडली. चार-सहा कण. ते त्यांनी जिभेला लावले.

"ही पान्यात मारलीय. हाताला वालू व्हती, तशीच आत आवलली गेली." मग ते एकेक शब्द वेगळा करून बोलले. "त्याची मान खाली व्हती. तो गाठ मारत व्हता."

मला ते दृश्य दिसलं. टपरीवरून हाका येतायत, पाणी सीटपर्यंत आलंय, आणि तो झाकण उपसून, वाकून, वडिलांची सुटलेली गाठ पुन्हा बांधतोय. दार उघडून पळाला असता तर वाचला असता. पण भरती किती वेळात किती चढते हे ज्याला पाठ आहे असाच मुलगा ही चूक करणार, एवढं उरकून गाडीसकट निघू म्हणणार. मी शंका काढू शकले असते. गाठ त्यानं त्याआधी कधी बदलली असेल, वाळू नंतर कशी गेली असेल. मला एकही शंका आली नाही आणि आजही येत नाही. इतक्या लाटा, इतके दलाल, आणि दोन वर्षं मी त्या गाठीवर दोन शाळा करत होते.

केबल काकांनी नंतर बदलली. जुन्या केबलचं टोक गाठीसकट कापून मला दाखवलं आणि घरात नेलं. ती गाडी मी अजून चालवते. लोक विचारतात भीती वाटत नाही का. वाटत नाही, उलट त्या रस्त्याला मी आता एकटी आहे असं कधीकधी फार जाणवतं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी काका गाडीतून उतरले आणि मागच्या दारापाशी जाऊन म्हणाले, "जरा बाहेर ये."

काकी आल्या. पागोळीपाशी थांबल्या. काकांनी हात पुढे केला नाही की आग्रह केला नाही, नुसते बाजूला झाले. मग त्या छपराखाली आल्या. काकांनी मला खूण केली, मी माझ्या जागेवरून उतरून उजेड तेवढा आत धरला, आणि त्या डावीकडच्या सीटवर टेकल्या.

"बघ," काका म्हणाले. "मी बांधलेली सुटली. माजी गाठ ढिली व्हती. तुजा काय न्हाय त्यात. त्यानं दुसरी मारली, पान्यात बसून. तो जात नव्हता. येत व्हता, घरी येत व्हता."

काकींनी गाठीवर बोट ठेवलं. तसंच ठेवून बसल्या. खाडी बांधावर टेकली होती आणि एकही मूठ आता दिसत नव्हती. मला वाटलं त्या काही बोलणारच नाहीत, इतक्या वर्षांची सवय. मग त्या बोलल्या. आवाज चिरका होता, न वापरलेला.

"उपाशी गेला व्हता," त्या म्हणाल्या. "म्हंजे जेवायला येत व्हता."

"व्हय," काका म्हणाले.

आणि मग काकी मोठ्यानं रडायला लागल्या, मुलाचं नाव घेऊन, जसं त्याच दिवशी रडायला हवं होतं तसं. काका तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी काकींना थांबवलं नाही.